सेवेतून वाढतो कोण?

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की आपल्या धर्मग्रामातील एखाद्या तरी घरी हे बोलणे निघतेच. मुलगी म्हणते, "बाबा, मी यंदा एन.एस.एस. घेते." बाबा विचारतात, "त्याचा फायदा काय?" मग मुलगी बोटे मोजत सांगते: प्रमाणपत्र मिळते, ते पुढे कामी येते, चारचौघांत बोलण्याची भीती जाते, ओळखी वाढतात, व्यक्तिमत्त्वाचा विकास होतो. बाबांचे समाधान होते आणि फॉर्मवर सही होते.

या बोलण्यात खोटे काहीच नाही. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षे राहिलेली मुले बदलतात, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहतो. जो मुलगा पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसत असे, तो माईकवर सूत्रसंचालन करू लागतो. जिला एकटीने यवतमाळला जायची भीती वाटायची, ती पंचवीस मुलींचा गट सांभाळते. पण जरा थांबून पाहिले तर एक गोष्ट खटकते. निघाली आहे सेवेला, आणि सांगितलेली सगळी कारणे मात्र स्वतःची आहेत. ज्या गावात ती शिबिराला जाणार, त्या गावाचे नाव या सगळ्या बोलण्यात एकदाही आले नाही.

मग ही सेवा म्हणायची की स्वतःची प्रगती? आणि आपली वाढ व्हावी म्हणून केलेली सेवा ही सेवा राहते का? प्रश्न जुना आहे. पण आपल्या मुलांच्या रूपाने तो आपल्या दाराशी येतो, म्हणून आज त्याचा थोडा विचार करू.

ही योजना आली कुठून ते आधी थोडक्यात पाहू. स्वातंत्र्यानंतर लगेचच डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने राष्ट्रसेवा करावी असे सुचवले होते. पुढे १९५९ मध्ये केंद्र सरकारने याच विषयावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री. त्यांच्या समितीची शिफारस मोठी कडक होती. शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने राष्ट्रीय सेवा करावी, असे तिने सांगितले. खर्चाच्या आणि अंमलबजावणीच्या अडचणींमुळे ती शिफारस बाजूला पडली. १९६० मध्ये प्रा. सैयदैन यांनी अनेक देशांतील अशा योजनांचा अभ्यास करून सेवा ऐच्छिकच असावी, असे मत दिले. शेवटी २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, तेव्हाचे शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि एखाद्या दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर, असे तिचे आजचे स्वरूप आहे. मुलांच्या छातीवर जो बिल्ला असतो, त्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचे चाक आहे. चाकाचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. कोणत्याही प्रहरी सेवेला तयार, असा त्याचा अर्थ.

आता गंमत पाहा. या योजनेचे सरकारी कागदावरील उद्दिष्ट आहे, समाजसेवेतून विद्यार्थ्याच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास. आणि तिचे ब्रीदवाक्य आहे, माझ्यासाठी नव्हे, तर तुमच्यासाठी. उद्दिष्ट म्हणते 'मी', ब्रीदवाक्य म्हणते 'मी नाही'. बाबांना फायदे सांगणारी मुलगी काही चुकीचे बोलत नव्हती. ती फक्त उद्दिष्टाची बाजू सांगत होती. ज्यांनी ही योजना आखली त्यांनीच ही दोन्ही टोके एका दोरीत बांधून ठेवली आहेत, आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ मुले ती दोरी ओढत आहेत.

काही जण म्हणतील, यात एवढा विचार कसला? काम झाल्याशी कारण. मुलगा गुणांसाठी आला काय आणि देशासाठी आला काय, रस्ता झाडला गेला ना! हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. ज्या म्हातारीच्या दारासमोरचे सांडपाणी हटले, तिला मुलाच्या मनात काय होते याच्याशी काय देणेघेणे? तरीही आपण सगळेच जाणतो की कामाकामांत फरक असतो. लग्नात पंगतीत वाढणारे दोघे असतात. एक जण हातात भांडे घेऊन पुढे सरकत असतो, दुसरा पत्रावळीकडे पाहत असतो. भात दोघेही वाढतात. पण जेवणाऱ्याला कळते.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्ट यांनी १७८५ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात या फरकावर नेमके बोट ठेवले आहे. त्यांचे म्हणणे साध्या शब्दांत असे, की माणसाला केवळ साधन म्हणून कधीही वापरू नये. तो स्वतःच एक साध्य आहे. यातला 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा. आपण रोजच एकमेकांचा उपयोग करून घेतो. शिंप्याकडून कपडे शिवून घेतो, एस.टी.च्या ड्रायव्हरच्या भरवशावर प्रवास करतो. त्यात पाप नाही. पण समोरचा माणूस आपल्या दृष्टीने तेवढाच उरला, की बिघडते. शिबिराच्या संदर्भात म्हणायचे तर, गावातल्या गरिबाची गरिबी ही माझ्या व्यक्तिमत्त्व विकासाची व्यायामशाळा झाली, आणि तो माणूस म्हणजे त्या व्यायामशाळेतला मुद्गल, तर तिथे काहीतरी गंभीर चुकले आहे. मुद्गल कोणी नाव विचारून उचलत नाही.

दुसऱ्या बाजूने ॲरिस्टॉटल उभा आहे, कान्टच्या दोन हजार वर्षे आधीचा. त्याचे म्हणणे असे की माणूस आधी चांगला होऊन मग चांगली कामे करीत नाही. वीणा वाजवत वाजवतच माणूस वीणावादक होतो, तसेच न्यायाने वागत वागतच तो न्यायी होतो. आपल्या घरांत ही गोष्ट कोणी पुस्तकातून शिकलेले नाही. दारात कोणी मागायला आले की आई भाकरी स्वतः नेऊन देत नाही, लेकराच्या हातात देते आणि म्हणते, जा, देऊन ये. त्या चार वर्षांच्या लेकराला दया वगैरे काही कळत नसते. त्याला दारापर्यंत पळत जायची मजा वाटते, आणि परत आल्यावर आई शाबास म्हणेल याची ओढ असते. पण हाताला सवय लागते, आणि मन कधीतरी हाताच्या मागून येते.

म्हणून गुणांसाठी शिबिराला आलेल्या मुलाला हिणवणे मला पटत नाही. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात एन.एस.एस.ला सह-अभ्यासक्रमाचे स्थान देऊन श्रेयांक जोडले गेले आहेत, तेव्हा श्रेयांकासाठी येणारी मुले आता वाढतीलच. येऊ द्यावीत. सक्तीची शिफारस करणाऱ्या देशमुख समितीलाही बहुधा हेच दिसत असावे की स्वेच्छेची वाट पाहत बसलो तर ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे ती मुलेच येणार नाहीत. माझे मत तरीही सैयदैन यांच्या बाजूला झुकते. कारण सक्तीने आलेल्या मुलाला 'मी आलो नसतो तरी चालले असते' हे कधीच म्हणता येत नाही, आणि जे नाकारता येत नाही ते देताही येत नाही. पण गुणांचे आमिष ही सक्ती नव्हे. ते आईच्या 'शाबास'सारखे आहे. प्रश्न एवढाच की चार वर्षांचे लेकरू चोवीस वर्षांचे झाल्यावरही शाबासकीच्याच दिशेने पळत आहे का?

या साऱ्याला एक जबरदस्त विरोधी आवाजही आहे आणि तो आपल्याच चर्चमधून आला, म्हणून सांगतो. इव्हान इलिच हे व्हिएन्नात जन्मलेले, तेव्हा कॅथलिक धर्मगुरू असलेले विचारवंत मेक्सिकोतील कुएर्नाव्हाका या शहरात एक अभ्यासकेंद्र चालवीत. एप्रिल १९६८ मध्ये तिथे अमेरिकेतील कॅथलिक कॉलेज विद्यार्थ्यांच्या सेवासंघटनेची बैठक भरली होती. ही मुले दर उन्हाळ्यात मेक्सिकोच्या खेड्यांत सेवा करायला येत. इलिच यांना भाषणाला बोलावले, आणि त्यांनी समोर बसलेल्या मुलांना सरळ सांगितले की तुम्ही येऊ नका. तुमच्या सद्हेतूंचा या गरिबांना उपयोग नाही. तुम्हाला त्यांची भाषाही येत नाही, तुम्ही त्यांच्यासाठी काय चांगले ते परस्पर ठरवून येता, आणि ते तुम्हाला नको म्हणू शकतील अशी त्यांची स्थिती नाही. यायचेच तर पाहायला या, शिकायला या, डोंगर चढायला या. मदत करायला येऊ नका. असा त्या भाषणाचा आशय होता.

इलिच यांचे हे बोलणे मला अर्धे पटते. आर्णी आणि मेक्सिको यांत मोठा फरक आहे. आपल्या कॉलेजची बहुतेक मुले परकी नसतातच. ती स्वतःच आसपासच्या खेड्यांतून, तांड्यांवरून एस.टी.ने येणारी, त्यांच्याही घरी कोरडवाहू शेती, कापूस, तूर आणि सोयाबीन. दत्तक गाव त्यांच्या गावासारखेच असते, फक्त त्यांचे नसते. भाषा तीच, कर्जाचे आकडेही साधारण तेच. तरीही इलिच यांचा एक वाक्बाण आपल्यालाही लागतो. गावाला काय हवे ते विचारले कोणी?

एक साधे उदाहरण घ्या. विशेष शिबिरे बहुधा हिवाळ्यात भरतात. तोच आपल्या भागात कापूस वेचणीचा हंगाम. सकाळी सातला मुले प्रभातफेरी काढतात, घोषणा देतात, दहा वाजता खराटे घेऊन गल्लीत उतरतात. आणि गावात असते कोण? बायका केव्हाच वेचणीला गेलेल्या, माणसे शेतात किंवा तालुक्याला. ओट्यावर दोन म्हातारे आणि अंगणवाडीतली लेकरे. दुपारी बौद्धिक सत्रात पाहुणे व्यसनमुक्तीवर भाषण देतात, ऐकायला शिबिरार्थीच. संध्याकाळी पाठीला कापसाचे ओझे बांधून बाई घरी येते, तेव्हा मुले सांस्कृतिक कार्यक्रमाची तालीम करीत असतात. ती म्हणते, "पोट्टे लय काम करून राहिले बापा." तिच्या बोलण्यात कौतुक असते. पण तिची आणि त्या मुलांची भेट झालेली नसते. सात दिवस एकाच गावात राहून दोघे एकमेकांच्या बाजूने निघून गेले.

याचा दोष मुलांना किंवा त्यांच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना देण्याचे कारण नाही. परीक्षा, सुट्ट्या, निधी, अहवाल या सगळ्यांत बसवून वेळापत्रक करावे लागते. आणि जिथे एखादा गट भल्या पहाटे बायकांबरोबर शेतात जाऊन दोन ओळी कापूस वेचतो, तिथे काय होते हेही पाहण्यासारखे असते. मुलांची बोटे बोंडाच्या टोकांनी सोलवटतात. तासाभरात कंबर धरते. जो कापूस वेचून होतो तो पाहून बायका हसतात. गावाचा तसा काहीच फायदा झालेला नसतो, झाली तर थोडी नासाडीच. पण त्या तासात उलटापालट होते. शिकवणारी ती बाई असते आणि अडाणी हा बी.ए.चा विद्यार्थी असतो. इलिच म्हणत होते ते 'शिकायला या' बहुधा हेच. माझ्या समजुतीप्रमाणे त्या मुलाची खरी वाढ माईकवर बोलताना जितकी होते, त्याहून जास्त या तासाभरात होते, जेव्हा तो थोडा लहान होतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण सेवेवर लिहिणारे बहुधा ती सोडून देतात. 'मी नाही, तू' हे ब्रीदवाक्य मुलाला आणि मुलीला एकच गोष्ट सांगत नाही.

ज्या मुलाने आयुष्यात स्वतःचे ताट उचलले नाही, ज्याला पाणी मागितले की बहीण आणून देते, त्याला 'मी नाही' हे सांगणे औषधासारखे आहे. शिबिरात त्याला पाळीने भांडी घासावी लागतात, पन्नास जणांची कणीक मळावी लागते, विहिरीवरून पाणी आणावे लागते. तो घरी जाऊन पहिल्यांदा आईकडे नीट पाहतो. पण त्याच गटातल्या मुलीचे काय? ती सहावीत असल्यापासून पहाटे उठून पाणी भरते आहे, धाकट्या भावंडांना सांभाळते आहे, आजीला औषध देते आहे. तिने आजवर केली ती सेवाच आहे, फक्त तिला कोणी प्रमाणपत्र दिले नाही. 'मी नाही' हा धडा तिला जन्मापासून पाठ आहे. तिला पुन्हा तोच शिकवायचा का?

तिच्या बाबतीत उलट घडते आणि घडावे असे मला वाटते. सात दिवस ती घराबाहेर राहते. रात्री मैत्रिणींबरोबर शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपते. ग्रामसभेत सरपंचाला उभी राहून प्रश्न विचारते. तिचा प्रश्न वहीत लिहून घेतला जातो. कोणीतरी तिला विचारते, तुझे मत काय? सेवेच्या निमित्ताने तिला पहिल्यांदा 'मी' सापडतो. याला स्वार्थ म्हणणारा माणूस एक तर मुलीचा बाप नसावा किंवा त्याने तिच्याकडे पाहिले नसावे. ज्याच्याजवळ काही आहे तोच ते देऊ शकतो. जिला स्वतःवर हक्कच दिला गेला नाही, तिने स्वतःला दिले असे म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे. तिच्याकडून ते काढून घेतले गेले, एवढेच.

त्यामुळे 'सेवेतून आपली वाढ होणे बरे की वाईट' याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. कोण वाढतो आहे आणि कोणत्या दिशेने, हे पाहावे लागेल.

आता थोडे दूर जाऊ, पण विषय तोच. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा वीस वर्षांचा मुलगा सोरबोनमध्ये कायदा शिकत होता. तो आणि त्याचे कॅथलिक मित्र एका वादविवाद मंडळात जमत आणि ख्रिस्ती धर्माने जगाला काय काय दिले याची हिरिरीने बाजू मांडत. एकदा विरोधी पक्षातील एकाने विचारले, पूर्वी केले असेल. पण आज तुम्ही काय करता? ओझानामजवळ उत्तर नव्हते. त्याने आणि मोजक्या मित्रांनी एक छोटा संघ काढला. गरिबांकडे कसे जावे हेही त्यांना माहीत नव्हते, म्हणून ते सिस्टर रोझाली रेंद्यू यांच्याकडे गेले. त्या पॅरिसच्या मुफ्तार भागातील गरीब वस्तीत अनेक वर्षे काम करीत होत्या. त्यांनी या मुलांना घरांचे पत्ते दिले, आणि कसे वागावे तेही सांगितले. यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली, जी आज जगभर आहे. ओझानाम पुढे सोरबोनमध्ये प्राध्यापक झाले, चाळिसाव्या वर्षी १८५३ मध्ये वारले, आणि १९९७ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी पॅरिसमध्ये, जागतिक युवा मेळाव्याच्या दिवसांत, त्यांना धन्यवादित घोषित केले.

ही कथा आपण प्रवचनात ऐकतो तेव्हा तिचा शेवट ऐकतो. मला तिची सुरुवात महत्त्वाची वाटते. ओझानामचा पहिला हेतू काही फार पवित्र नव्हता. वादात तोंड बंद झाले होते आणि उत्तर द्यायचे होते. म्हणजे तोही एका अर्थी गुणांसाठीच निघाला होता. फरक पडला तो दोन गोष्टींनी. एक, ज्यांना ते काम खरेच कळत होते अशा बाईसमोर ही विद्यापीठातील मुले विद्यार्थी म्हणून उभी राहिली. आणि दुसरी, त्यांनी एकदाच जाऊन येणे मान्य केले नाही. त्याच घरी पुन्हा, पुन्हा जायचे, ही त्या संघाची रीत झाली. एकाच दाराशी तुम्ही दहाव्यांदा जाता तेव्हा तुमचे भाषण संपलेले असते, उत्साह ओसरलेला असतो, फोटो काढायला कोणी नसतो. मग उरतो तो समोरचा माणूस.

चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. त्यात तेल आहे, द्राक्षारस आहे, जनावर आहे, उतारशाळा आहे, मालकाला दिलेली दोन नाणी आहेत, आणि जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन असे वचन आहे. जखमी माणसाचा त्याला कळवळा आला एवढे सांगितले आहे. पण या मदतीमुळे तो शोमरोनी आतून किती मोठा झाला, त्याला काय अनुभूती आली, याबद्दल एक अक्षर नाही. कथा त्याच्या खिशाचा हिशेब देते, मनाच्या वाढीचा देत नाही. आजच्या शिबिराच्या अहवालात नेमके उलट असते.

आपल्या विदर्भात या विषयाचे सर्वांत मोठे विद्यापीठ वरोऱ्याजवळ आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये आनंदवन सुरू केले, कुष्ठरोग्यांनी स्वतःच्या हातांनी उभी केलेली वसाहत. १९५० च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे वेगवेगळ्या देशांतील तरुण स्वयंसेवक तिथे येऊन राहिले, बांधकामाला हात लावला, कुष्ठरोग्यांनी पिकवलेले खाल्ले. बाबांच्या कार्यावर लिहिणारे सांगतात की तोवर आनंदवनाची भाजी विकत घ्यायला कचरणारी आसपासची माणसे हे पाहून हळूहळू बदलली. या घटनेत मला एक वेगळाच मुद्दा दिसतो. आपण सेवेत नेहमी दोघांचाच हिशेब करतो, करणारा आणि घेणारा. इथे सर्वांत जास्त वाढ झाली ती तिसऱ्याची, कुंपणाबाहेर उभे राहून पाहणाऱ्याची. बाबांनी पुढे १९६७ पासून चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्याच्या उन्हात महाराष्ट्रभरातून मुले तिथे येत आली आहेत. तिथून परतून आयुष्यभर वेगळ्याच वाटेने गेलेली माणसेही आहेत आणि परतून नोकरीला लागून सगळे विसरलेलीही आहेत. दोन्ही खरे.

आणि एक जवळचा माणूस. आपल्या मुलांच्या एन.एस.एस. प्रमाणपत्रावर ज्या विद्यापीठाचे नाव छापलेले असते, ते अमरावती विद्यापीठ संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाते. गाडगेबाबांजवळ कुठलेही प्रमाणपत्र नव्हते. शाळेचे अक्षर त्यांनी गिरवले नव्हते. गावात शिरले की आधी हातात खराटा, आणि कीर्तन रात्री. पाया पडू पाहणाऱ्याला ते जवळ येऊ देत नसत. एखाद्या मुलाने आपल्या प्रमाणपत्राकडे पाहताना ते वरचे नाव जरा सावकाश वाचले, तर खाली त्याच्या स्वतःच्या नावासमोर छापलेले २४० तास त्याला वेगळे दिसू लागतील.

आपल्या धर्मग्रामातील मुले संख्येने थोडी. कॉलेजच्या शिबिरात शंभरांत एखादाच आपला असतो. बौद्ध, बंजारा, मुस्लिम, कुणबी, गोंड, कोलाम अशा मुलांबरोबर तो सात दिवस एका छताखाली राहतो, एका भांड्यातले खातो. रविवारी मिस्साला मुकतो म्हणून काही पालक त्याला पाठवायला कचरतात, हे मला ठाऊक आहे. फादरांशी बोलून त्याचा मार्ग निघतो; शिबिरच टाळू नये.

परतल्यावर मात्र आपण त्याला काय विचारतो, हे आपल्या हाती आहे. जेवण कसे होते, थंडी वाजली का, किती फोटो काढले, कोणता नंबर आला, हे आपण विचारतोच. त्याबरोबर हेही विचारता येईल: त्या गावातल्या तीन माणसांची नावे सांग. शोषखड्डा कोणाच्या घरासमोर खणला? त्या काकूंनी तो मागितला होता का, की तुम्हीच जागा ठरवली? गावातल्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी कधीपर्यंत राहते? तुला तिथे काय करता आले नाही?

नाल्यावर रेतीची पोती रचून बांधलेला वनराई बंधारा पुढच्या पावसात वाहून जातो आणि दरवर्षी नव्याने घालावा लागतो. शोषखड्ड्यातही एक-दोन वर्षांत गाळ साचतो, दगड बाहेर काढून धुवावे लागतात, नाही तर पाणी पुन्हा रस्त्यावर येते. शिबिर संपते तेव्हा हे सगळे नवे आणि स्वच्छ असते, म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही. दत्तक गाव काही लांब नसते. मे महिन्यात, परीक्षा आटोपल्यावर, एखाद्या रविवारी मिस्सा झाल्यावर मुलाला म्हणावे, चल, मलाही ते गाव दाखव. त्या काकूंना निरोप पाठवावा. खड्डा तुंबला असेल तर दोघांनी मिळून मोकळा करायला अर्धा दिवस पुरतो. फावडे त्यांच्याकडे असतेच, घमेले आपण घरून न्यावे.